ड्रमच्या आतली धूळ

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या चौलच्या घरामागची पत्र्याची शेड बाबांच्या चेतकवर बसली. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, दोन माड विजेच्या तारांवर होते, वीज कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी स्कूटरकडे कोण बघतो? पत्रे उचलले, त्यातला एक तिच्यावरच झाकला आणि विषय संपला. पुढची साडेतीन वर्षं ती तिथेच होती. समुद्र घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा दर दोन वर्षांनी रंग मागतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. शिक्षण लोणेऱ्याला झालं, शाखा कॉम्प्युटर. म्हणजे इंजिनिअर असलो तरी हाताला ग्रीस लागलेला इंजिनिअर नाही. ग्रीस लागलेले हात बाबांचे. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. १९८५ साली सुरू केलं, २०१९ मध्ये बंद केलं. बंद करायचं कारण त्यांनी ‘आता होत नाही’ एवढंच सांगितलं. खरं कारण खोकला होता.

२०२३ च्या दिवाळीत मी ठरवलं की चेतक चालू करायची. इंजिन अपेक्षेपेक्षा सहज सुरू झालं. कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग लावला, आणि दहाव्या-बाराव्या किकला निळा धूर सोडत ती जागी झाली. मला अडवलं ते मागच्या ब्रेकने. तो ब्रेक दुरुस्त करताना मला एक इतिहास सापडला. तो आमच्या घरात चौतीस वर्षं वह्यांमध्ये लिहून ठेवलेला होता, आणि कुणी वाचला नव्हता.

*

आधी बिघाड सांगतो, कारण इतिहासाची वाट त्यातूनच जाते.

चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. पायडल दाबलं की केबल ओढली जाते, केबलच्या टोकाचा लिव्हर एक छोटा आस फिरवतो आणि त्या आसाचं चपटं टोक, म्हणजे कॅम, दोन अर्धगोल ब्रेक शू एकमेकांपासून दूर ढकलतो. शूंवर लायनर चिकटवलेले असतात. ते फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंग दोन्ही शू परत जवळ ओढते. बस, एवढंच यंत्र.

आमच्या स्कूटरचं चाक हाताने फिरतच नव्हतं. शू ड्रमला गंजून चिकटले होते. पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी ठेवली तरी किनाऱ्यावर हे होतं, इथे तर साडेतीन वर्षं. रबरी हातोड्याने ड्रम चहूबाजूंनी ठोकून सोडवला. मधला मोठा नट सोडताना एक गंमत कळली. नटाला जोर लावताना चाकाचा आस फिरू नये म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा असतो. ब्रेक खोलायलाही आधी ब्रेक लागतो. आमचा ब्रेक स्वतःच धरून बसल्यामुळे ती अडचण तेवढी आली नाही.

अलिबागहून नवे शू आणले, बसवले, चाक लावलं. गल्लीतून एक फेरी मारली. ब्रेक दाबला की किंकाळी, आणि सोडल्यावरही चाक जडच. घरी येईपर्यंत ड्रम हात लावता येणार नाही इतका तापला. शू खराब असतील म्हणून दुसऱ्या कंपनीचे आणले. तोच आवाज, तेच जड चाक. मग मी कामावर करतो तेच केलं. शक्यतांची यादी केली: केबल ताणलेली, शू चुकीच्या मापाचे, ड्रम वाकडा, बेअरिंग गेलेलं. एक एक गोष्ट बदलत आणि तपासत गेलो. केबल नवी टाकली, फरक नाही. बेअरिंग ठीक होतं.

बाबा पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. शेजारी इनहेलर. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोरांनाही ते असंच करू देत. तिसऱ्या दिवशी म्हणाले,

“शू दोनदा बदललेस. कॅम कितीदा बघितलास?”

एकदाही नाही. कॅम फिरत होता, पायडल दाबल्यावर शू उघडत होते, म्हणजे कॅम ठीक, असं मी धरून चाललो होतो. कॅम उघडतोय हे मी बघितलं होतं, तो परत येतोय का हे बघितलं नव्हतं. कॅमचा पोलादी आस अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधून जातो. खाऱ्या हवेत या दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी धरते आणि आस जाम होतो. पायाच्या जोराने तो फिरतो, पण एवढ्याशा स्प्रिंगला त्याला परत फिरवता येत नाही. शू ड्रमला टेकलेलेच राहतात.

मी ड्रम पुन्हा उघडला. आत नव्या लायनरची तपकिरी धूळ जमली होती. सहज वाकलो आणि फुंकर मारायला तोंड जवळ नेलं.

“फुंकू नको!”

मला आठवतंय तेव्हापासून बाबा माझ्यावर इतक्या मोठ्याने ओरडल्याचं आठवत नाही. ओरडल्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. मग शांतपणे म्हणाले, “ओलं फडकं घे. पुसून काढ. आणि फडकं पिशवीत बांधून टाक.”

मी लहानपणी गॅरेजमध्ये बसून त्यांना शेकडो वेळा ड्रम उघडताना पाहिलंय. ड्रम निघाला की ते तो तोंडापाशी धरत आणि एक दमदार फुंकर मारत. धुळीचा ढग उडायचा. मला तो बघायला आवडायचा.

*

ड्रम ब्रेकचा इतिहास सहसा शोधकांच्या नावांनी सांगतात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मेबाखच्या गाडीवर त्याचं एक साधं रूप होतं आणि १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रनोने त्या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधीचे ब्रेक म्हणजे चाकावर बाहेरून दाबलेला ठोकळा किंवा पट्टा. चिखल, पाणी, वाळू, सगळं त्यात जायचं. ड्रमने घर्षण आत घेतलं आणि बाहेरची घाण बाहेर ठेवली. आमच्यासारख्या मुलखात, जिथे जून ते सप्टेंबर रस्ता आणि नाला यांत फरक करता येत नाही, तिथे याची किंमत कळते.

पण ब्रेक थांबवतो म्हणजे नेमकं काय करतो? गती उष्णतेत बदलतो. चेतक, दोन माणसं आणि सामान मिळून २५० किलो धरू. ताशी ४० किलोमीटरवरून थांबायचं तर सुमारे १५ हजार ज्यूल ऊर्जा लायनर आणि ड्रमला गिळावी लागते. हीच गाडी १०० मीटर उंचीचा उतार ब्रेकवर उतरली, तर आकडा २ लाख ४५ हजारांवर जातो. म्हणजे तसं सोळा वेळा थांबल्याइतकी उष्णता, आणि तीही मध्ये गार व्हायला उसंत न देता. म्हणून बाबा गिऱ्हाइकांना सांगत, कार्ले खिंड उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर उतरू नका.

ही उष्णता सोसेल असं लायनर कशाचं करायचं, हा शोधकांपुढचा खरा प्रश्न होता. त्याचं एक उत्तर इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातून आलं. डोंगराळ भागात घोडागाड्या उतरताना गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं बांधत, म्हणजे पकड चांगली येई. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि १८९७ मध्ये विणलेल्या कापडाचे थर चिकट द्रव्यात भिजवून ब्रेकसाठी अस्तर बनवायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूडची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या नावातलं एक अक्षर घातलं की ते नाव होतं. घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या, तेव्हा कापूस जळू लागला. त्याची जागा घेतली अ‍ॅस्बेस्टॉसने.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खडक आहे, पण तो कापसासारखा पिंजता येतो, सूत काढून विणता येतो. जळत नाही, स्वस्त आहे, घर्षणात टिकतो. इंजिनिअरला यापेक्षा आणखी काय हवं? पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक ब्रेक लायनरमध्ये तोच होता.

आता दुसरं नाव. हे ब्रेकच्या इतिहासात सहसा येत नाही. नेली केर्शॉ. ती इंग्लंडच्या रॉचडेल गावात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत काढणाऱ्या गिरणीत कामाला होती. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फुप्फुसं निकामी होऊन ती मेली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की तिच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण होते. कंपनीने भरपाई नाकारली, एकीला दिली तर पायंडा पडेल म्हणून. ती गिरणी ज्या उद्योगसमूहात गेली होती, त्याच समूहाने थोड्याच काळात फेरोडोही विकत घेतली. सूत काढणाऱ्या बाईचं फुप्फुस आणि मोटारीचा ब्रेक असे एकाच हिशोबाच्या वहीत आले.

१९३० मध्ये ब्रिटिश सरकारचा अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. नियम कारखान्यांसाठी होते. लायनर कारखान्यातून बाहेर पडून गॅरेजमध्ये गेलं की तिथली धूळ कुणाचीच नव्हती.

*

ही धूळ चौलला कशी आली, त्याची गोष्ट एका स्कूटरची आहे.

इटलीच्या पिअज्जो कंपनीने युद्धानंतर, १९४६ मध्ये, व्हेस्पा काढली. ती बनवणारा कोराडिनो दास्कानिओ हा विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा इंजिनिअर. त्याला मोटरसायकली आवडत नसत. पुढचं चाक एकाच बाजूने धरण्याची कल्पना त्याने विमानाच्या चाकांवरून घेतली, म्हणून व्हेस्पाचं आणि चेतकचं चाक मोटारीसारखं एका बाजूने निघतं. बजाजने १९४८ पासून व्हेस्पा आयात केल्या, मग परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डीत बनवल्या. १९७१ मध्ये परवाना संपला आणि तो वाढवला गेला नाही. १९७२ मध्ये त्याच घडणीची स्कूटर राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावाने आली.

परवाना राजमध्ये किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवत असे. नोंदणी केल्यावर चेतक हातात यायला वर्षानुवर्षं लागत, काही काळ दहा-दहा वर्षं. त्यामुळे चेतक विकत घेणं जितकं मोठं, तितकंच ती टिकवणं मोठं होतं. कुणी गाडी मोडीत काढत नसे. इंजिन पुन्हा पुन्हा बोअर होई, पत्रा वेल्डिंगने जगे आणि ब्रेक शू फेकले न जाता त्यांवर नवे लायनर मारले जात. झिजलेलं लायनर छिन्नीने उडवायचं, शू घासायचा, नवी पट्टी रिबेटने ठोकायची, कडा कानशीने उतरत्या करायच्या आणि ड्रममध्ये बसेपर्यंत घासपेपर मारायचा. दुरुस्त करून वापरण्याच्या या संस्कृतीचं आज फार कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट सुटते. वापरलेल्या ड्रममध्ये सापडणाऱ्या धुळीतला बराचसा अ‍ॅस्बेस्टॉस ब्रेकच्या उष्णतेने बदलून वेगळं खनिज झालेला असतो. ताजे तंतू उडतात ते नवं लायनर कापताना, कानस मारताना, घासताना. म्हणजे फेकून नवा शू लावणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याच्या छातीत जास्त धूळ जाते.

आमची चेतक १९८६ ची. बाबांनी १९८९ मध्ये अलिबागच्या एका शाळामास्तरांकडून घेतली. तेव्हा टीव्हीवर ‘हमारा बजाज’ नुकतंच सुरू झालं होतं. या किनाऱ्यावर स्कूटर कुटुंबाची होती तशी धंद्याचीही होती. मासळीच्या टोपल्या, सुपारीची पोती, दुधाच्या किटल्या, सगळं तिच्यावरून जायचं. रेवदंड्याला जेटीवर मासळी घ्यायला जाणाऱ्या गाडीच्या चाकांत बर्फाचं खारं पाणी गळायचं. ड्रम चिखल थोपवतो, पण खारट ओल थोपवत नाही. ती आत शिरली की तिथेच राहते, कारण बंद डब्याला वारा लागत नाही. शू चिकटले, कॅम जाम झाला, स्प्रिंग तुटली, अशी गाडी बाबांकडे यायची.

आणि जी गोष्ट ओलीची, तीच धुळीची. ड्रमच्या आत तयार झालेली धूळ बाहेर जात नाही. ती आतच साठते आणि ड्रम उघडणाऱ्याची वाट बघते.

*

ज्या संध्याकाळी बाबा ओरडले, त्या रात्री मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“टीबीच्या तपासणीला गेलो होतो तेव्हा. टीबी नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं मेकॅनिक. म्हणाले, ब्रेकचं काम किती केलंत? मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, कोकणातला मेकॅनिक ब्रेकशिवाय दुसरं करतो काय?”

डॉक्टरांना आकडा हवा होता. किती वर्षं, आठवड्याला किती, बंद जागेत की उघड्यावर, लायनर घासत होतात का. कारण अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो आणि निदान करताना एक्स-रे आणि सीटी स्कॅनइतकंच माणसाने आयुष्यभर काय काम केलं याला महत्त्व असतं. बाबांनी ‘खूप’ एवढंच उत्तर दिलं होतं. केसपेपरवर ‘व्यवसाय: मेकॅनिक’ एवढंच लिहिलं गेलं.

इथे मला कायद्याचा एक धागा सापडला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायची. आजार उशिरा येतो हे न्यायालयाला ठाऊक होतं, म्हणून एवढी लांब मुदत. त्यानंतर २००५ मध्ये मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात अ‍ॅस्बेस्टोसिस झालेले कामगार सापडले. म्हणजे नोंद ठेवली, तपासणी केली, तर आजार दिसतो. दिसला तर निदान भांडता तरी येतं.

रस्त्याकडेच्या गॅरेजला मालक, कामगार आणि कारखाना हे तिन्ही एकच माणूस असतो. त्याची नोंद कोण ठेवणार?

हे मी मोठ्याने बोललो तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “वह्या आहेत ना माळ्यावर.”

*

अकरा वह्या. लाल पाठीच्या, लांबट, वाण्याकडे असतात तशा. वादळात माळ्यावर पाणी आलं होतं, त्यात तीन वह्यांच्या कडा चिकटल्या आहेत. बाकी वाचता येतात. बाबा उधारीसाठी लिहायचे: तारीख, गाडीचा नंबर, काम, पैसे. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचं, म्हणून नावाऐवजी ‘पोस्टवाले’, ‘भोवाळ्याचे काका’ असंही. आणि काम: ‘प्लग’, ‘क्लच प्लेट’, ‘मागचा शू’, ‘दोन्ही शू’, ‘लायनर मारले’, ‘ड्रम घासला’.

मी त्या शनिवार-रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो. एक एक नोंद टाइप करत गेलो आणि बाबा शेजारी बसून न लागलेलं अक्षर लावून देत होते. १९९४ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ब्रेकच्या ६१ नोंदी आहेत. त्यांतल्या २३ पुढे ‘लायनर मारले’ असं लिहिलंय, म्हणजे कापणं, कानस, घासपेपर. पावसाळ्यात काम शेडच्या आत, पुढे ताडपत्री लावलेली. १९९७ च्या वहीत एका पानावर ‘काँप्रेसर घेतला’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. मला वाटलं, म्हणजे फुंकणं थांबलं. बाबा म्हणाले, “थांबलं कसलं? काँप्रेसरने तर अख्खी शेड भरायची.”

२००३-०४ नंतर ‘लायनर मारले’ कमी होत जातं. तयार शू स्वस्त झाले होते आणि लोकांकडे मोटरसायकली आल्या होत्या. काही वर्षांतच चेतक बंद झाली. पुढे खोक्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉस-मुक्त’ असं छापलेले शू येऊ लागले. बाबांनी ती अक्षरं वाचली होती, पण आधीच्या खोक्यांवर ‘अ‍ॅस्बेस्टॉस-युक्त’ असं कधी छापलेलं नव्हतं, त्यामुळे कशापासून मुक्त झालो ते कळायला मार्ग नव्हता.

युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर जवळपास पूर्ण बंदी आणली. अमेरिकेने, कित्येक वर्षांच्या कोर्टकज्ज्यांनंतर, मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली, त्यात सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनरचाही समावेश आहे. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणं १९८६ मध्ये थांबलं, आयात मात्र चालू राहिली. वादळात चेतकवर जी शेड पडली, तिच्या शेजारच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे होते. तेही अ‍ॅस्बेस्टॉसचेच. ते फुटले तेव्हा आम्ही हातानेच गोळा केले होते.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बाबांचा आजार या धुळीनेच झाला असं मी म्हणत नाही, म्हणू शकत नाही. ते पंधरा वर्षं विड्या ओढत होते. गॅरेजमध्ये वेल्डिंगचा धूर होता, दोन-स्ट्रोक इंजिनांचा धूर होता. ब्रेकचं काम करणाऱ्या मेकॅनिकांवर जगभरात झालेले अभ्यासही एकमुखी नाहीत. फुप्फुसात नेमकं कशाने काय केलं हे कॅमसारखं उघडून बघता येत नाही. पण मी ज्या पद्धतीने दोन वेळा शू बदलले तीच चूक इथेही होते आहे असं मला वाटतं. जे समोर दिसतं, विडी, तेवढंच तपासायचं आणि जे नोंदीतच नाही ते ठीक आहे असं धरून चालायचं.

*

कॅम काढला. पांढरी भुकटी रॉकेलने धुतली, आस बारीक घासपेपरने ओला ठेवूनच साफ केला, ग्रीस लावलं. थोडंच, कारण जास्त झालं तर तापून लायनरवर येतं. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून एक उंचवटा तयार झाला होता, नवे शू त्याला घासत होते. अर्धी किंकाळी तिथली होती. अलिबागला लेथवाल्याकडून तो उतरवून घेतला. उरलेली अर्धी शूच्या पुढच्या धारदार कडेची. ती बाबांनी दाखवली तेवढी उतरती केली, अंगणात, वारा पाठीवर घेऊन, तोंडाला मास्क लावून, शू पाण्याने भिजवून. कोविडनंतर घरात मास्क मात्र भरपूर होते.

चाक लावलं, हाताने फिरवलं. चार फेरे सुटं फिरलं. पायडल दाबलं, थांबलं. सोडलं, पुन्हा फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवदंड्यापर्यंत जाऊन आलो. कुंडलिकेच्या पुलाच्या अलीकडे उतारावर मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. आवाज नाही. परत आल्यावर बाबांनी ड्रमला हात लावून बघितला, कोमट होता. “आता पहिले शे-दोनशे किलोमीटर जोरात दाबू नको,” म्हणाले. “शूला ड्रमची ओळख होऊ दे.”

दोन आठवड्यांनी त्यांची छातीच्या डॉक्टरांकडची तारीख होती. मी पुण्याहून आलो. वह्यांमधून दोन पानांचा गोषवारा काढला होता: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, महिन्याला सरासरी किती ब्रेकची कामं, त्यांत लायनर किती मारले, शेड किती बाय किती फुटांची, काँप्रेसर कधी आला. डॉक्टरांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, बाबांना आणखी पाच-सहा प्रश्न विचारले आणि एक नवा स्कॅन लिहून दिला. मग ती पानं फाइलला लावली. केसपेपरवर ‘व्यवसाय: मेकॅनिक’ याच्या पुढे त्यांनी पेनाने लिहिलं: ‘ब्रेक लायनिंग, ३४ वर्षं’.

स्कॅनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. बाबांचं म्हणणं आहे की अलिबागपर्यंत चेतकवरूनच जाऊ.